आबा व नाना यांचं रेडिएटर

आमच्या घराण्यात मोटार कधीच नव्हती. रेडिएटर मात्र होतं.

धरणगावजवळच्या आमच्या गावी, गोठ्याच्या खिडकीला गजांऐवजी ते बसवलेलं होतं. काळंकुट्ट, जाळीदार आणि इतकं जड की चोराला त्यापेक्षा गाय नेणं सोपं गेलं असतं! आबा म्हणजे माझे वडील आणि नाना म्हणजे माझे धाकटे काका. दोघांनी तरुणपणी यावलच्या बाजारातून ते भंगारात आणलं होतं. घरात सगळे त्याला ‘जाळी’ म्हणत. ते रेडिएटर आहे, हा शोध माझा. (माझे शोध इथेच संपतात.)

मी घरातला पहिला पदवीधर. नव्वदच्या आगेमागेचे ते दिवस. मी जळगावला बी.ए. झालो तेव्हा आबा-नानांनी गावभर पेढे वाटले. मला शिकवताना दोघांनी स्वतःसाठी नवं धोतर घेतलं नव्हतं. या उपकारांची फेड म्हणून मी घरात दिसेल त्या वस्तूबद्दल ज्ञान देऊ लागलो.

अशातच वर्तमानपत्रात वाचलं, की हौशी लोक जुन्या मोटारींच्या सुट्या भागांना वाटेल ती किंमत देतात. मी धावत गोठ्यात गेलो. जाळी उतरवली, चिंच आणि राखेनं घासली. आतून लखलखीत पितळ!

“आबा, हे जुन्या मोटारीचं रेडिएटर आहे! एखाद्या संस्थानिकाचीच असणार मोटार!”

“कितलाले जाई?” आबांनी विचारलं.

“हजारोंना!” मी म्हणालो. (मोटार कुठली, किंमत कुणी ठरवली, यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं.)

संध्याकाळपर्यंत गावात हजारांचे लाख झाले आणि रात्री जेवताना ठिणगी पडली.

“यावलथून डोकावर मी वाही आनेल शे!” नाना म्हणाले.

“वाही आनं तू, पन पसंत कोनी करं?” आबांनी ताट सरकवलं.

इतकी वर्षं जाळीकडे ढुंकून न पाहणारे दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले. आबा मला म्हणत, “तुना नानाले सांग, पानी कोमट शे.” नाना शेजारीच बसलेले असत!

मी समेट घडवायचं ठरवलं. रेडिएटरच्या वरच्या टाकीवर उठावदार इंग्रजी अक्षरं होती. आमच्याकडे पितळी भांडं म्हटलं की त्यावर मालकाचं नाव असायचंच. नाहीतर लग्नाकार्यात गेलेलं पातेलं परत येत नाही. तेव्हा हे आधीच्या मालकाचं नाव, हे उघडच होतं. गिऱ्हाइकाला माल चोरीचा वाटायला नको, म्हणून मी कानस घेतली आणि दुपारभर घासून ती अक्षरं सपाट केली. मग बाजारात भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून ठिपक्याठिपक्यांनी कोरून आणलं: ‘आबा व नाना’.

“मनं नाव मांगे कसाले?” नाना कडाडले.

मी पुन्हा बाजार गाठला. मागच्या बाजूला कोरून आणलं: ‘नाना व आबा’. आता पुढची बाजू कोणती, यावर भांडण सुरू झालं!

तेवढ्यात श्रावण लागला. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमची खानदेशची देवी, बसते. तिच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू एकाच सुपात पडतो, आणि ते रोट भाऊबंदांनी एकत्र बसून खायचे असतात. नानांनी जाहीर केलं, “यंदा मी मनी कानबाई येगळी बसाडसू.”

आई मटकन खाली बसली. कानबाई वेगळी म्हणजे घर वेगळं. मग ते पुन्हा एक होत नाही. काकूही पदर तोंडाला लावून रडू लागली.

“तूच लायेल शे हाऊ खेळ,” आई मला म्हणाली. “आते तूच निस्तर!”

धुळ्याला देवपुरात माझ्या कॉलेजमित्राचे मामा राहत. दातांचे डॉक्टर, पण जीव जुन्या मोटारींवर. त्यांच्याकडून किंमत ठरवून घ्यायची आणि सरळ वाटणी करायची, असं ठरलं. दोघा भावांचा एकमेकांवर विश्वास नसल्यामुळे एस.टी.त रेडिएटरचं एक टोक आबांच्या मांडीवर, दुसरं नानांच्या आणि मधला भार माझ्यावर.

“काय शे हाई?” कंडक्टरनं विचारलं.

“मोटारनं रेडिएटर,” आबा म्हणाले.

“मंग मोटार मांगथून ई ऱ्हायनी का?”

अख्खी बस हसली. आम्ही तिघं सोडून.

डॉक्टरांनी दात ठोकून बघावा तसं रेडिएटर ठिकठिकाणी ठोकलं. “अस्सल आहे,” ते म्हणाले. “फार जुन्या मोटारीचं.” आबा-नानांच्या माना एकदम ताठ झाल्या. “पण वरच्या टाकीवर कंपनीचं नाव असतं. त्या नावाचीच तर किंमत! ते कुठंय?”

मी खिडकीबाहेर बघू लागलो.

“आणि हे काय? ‘आबा व नाना’?” डॉक्टरांनी रेडिएटर उलटं केलं. “‘नाना व आबा’? ही कुठली कंपनी?”

मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. हसत होते की रडत होते, कळलं नाही. “अहो, आता हे नुसतं पितळ. मोडीत घाला.”

मी रेडिएटर उचलायला वाकलो. आणि एकाएकी नानांना हसू फुटलं.

“भाऊ,” ते थेट आबांकडे वळले, “आपलं नाव टाकताच भाव उतरी गया!”

“आनि हाई काम कोनं?” आबांचे खांदे गदगदू लागले. “आपला बी.ए.नं!”

परतीच्या बसमध्ये दोघे एकमेकांना टाळ्या देत माझी अक्कल काढत होते. वर्षभरात कुणी माझं एवढं कौतुक केलं असतं, तरी मला इतकं बरं वाटलं नसतं. रविवारी दोघांचे गहू एकाच सुपात पडले आणि आईनं सुटकेचा निःश्वास टाकला.

त्या दिवसापासून आबा आणि नाना यांच्यात कधीही मतभेद झाला नाही. घरात काहीही ठरवायचं असलं की दोघे आधी माझं मत विचारतात आणि मग एकमतानं त्याच्या उलट करतात.