खात्रीचा तिसरा बिंदू

“खाली बस. दोरी वरून जाऊ दे.”

भर मैदानात, हातात माइक धरून गणिताचे सर मला म्हणाले. मी बसले. उकिडवी. नायलॉनची पिवळी दोरी माझ्या डोक्यावरून पलीकडे गेली आणि खुर्च्यांवरच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

मी तेव्हा दहावीत होते. शाळा वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातली. तिला संस्था म्हणायचे, पण तिला मालक होता. दादासाहेब. शंभर एकरांचे धनी आणि शाळेचे अध्यक्ष. त्यांच्या हस्ते काहीतरी व्हावं म्हणून शाळेत सारखं काहीतरी व्हायचं. त्या वर्षी सरांनी ‘मैदानावरचा आलेख’ काढला. म्हणजे मैदानावर चुन्याच्या फक्कीनं चौकटी मारायच्या, आडवा एक्स-अक्ष, उभा वाय-अक्ष, आणि पोरींना बिंदू म्हणून उभं करायचं. समीकरण होतं दोन एक्स अधिक तीन वाय बरोबर बारा.

सोपं आहे. एक्सला शून्य ठेवा, वाय चार येतो. वायला शून्य ठेवा, एक्स सहा येतो. दोन बिंदू मिळाले की रेषा झाली. पण सर वर्गात नेहमी सांगायचे, तिसरा बिंदू काढाच. तो खात्रीचा. तिसरा रेषेवर बसला तर समजायचं, आपण चुकलो नाही. एक्स तीन घेतला की वाय दोन येतो. तीन-दोन. तिथं मी होते.

मला तिथं सरांनीच उभं केलं होतं, कारण वर्गात आलेख मला सगळ्यात चांगले यायचे. फक्कीही मीच मारली होती. आधल्या दिवशी दुपारभर, वाकून वाकून. नाकातोंडात फक्की. तेव्हा कुणाची हरकत नव्हती.

दादासाहेब आले, हार घातले गेले. एका टोकाला शून्य-चारवर त्यांची नात दोरी धरून उभी. दुसऱ्या टोकाला सहा-शून्यवर त्यांच्याच भावकीतली पोरगी. मधे मी. फोटोवाल्यानं मोबाइल वर केला आणि दादासाहेबांनी सरांना जवळ बोलावलं. हळू बोलायची त्यांना सवयच नव्हती.

“थे पोट्टी मधात कायले उभी केली? फोटोत आपल्या पोरी पाह्यजेत ना, गुरुजी.”

आपल्या. मी त्यांच्या शाळेत सहा वर्षं शिकत होते. पण आम्ही बौद्ध, आमची वस्ती गावाच्या त्या बाजूला, आणि माझं आडनाव ऐकलं की त्यांना पुढचं काही ऐकायची गरज नसायची.

आणि सर? सर मोठे सुधारक. जयंतीला आमच्या वस्तीत येऊन तासभर समतेवर भाषण ठोकायचे. पाणी मात्र स्वतःच्या बाटलीतलं प्यायचे. असा माणूस दादासाहेबांना काय म्हणणार? मान हलवली आणि माझ्याकडे आले. खाली बस म्हणाले.

खरं सांगते, मी पुढे उठले ती नुसतं बस म्हटलं म्हणून नाही. बसायची आम्हाला सवय होती. सरांनी तेवढ्यावर सोडलं असतं तर मीही घरी जाऊन रडले असते आणि विषय संपला असता. पण पाहुण्यांमधल्या एकानं सहज विचारलं, ती मुलगी खाली का बसली? सरांनी घाम पुसला आणि माइकवरून खुलासा केला.

“तीन-दोन हा बिंदू आपल्या रेषेवर येत नाही. म्हणून ती बसली.”

माझ्या कानशिलांत जाळ झाला. हा माणूस दादासाहेबांसाठी गणित खोटं बोलला. बेरीज खोटी बोलला. दोन त्रिक सहा, तीन दुणे सहा. सहा आणि सहा बारा. चौथीच्या पोराला येतं.

मी उठले. दोरी माझ्या छातीला लागली.

“येतो, सर. तीन-दोन रेषेवर येतो.”

“नाही येत. खाली बस.”

“सहा आणि सहा बारा होतात, सर.”

दादासाहेबांच्या नातीनं दोरी हातातून सोडून दिली. ती माझ्या पायात येऊन पडली. काय करावं ते सरांना सुचेना, म्हणून त्यांनी माझा दंड धरून मला चौकटींबाहेर ओढलं. फक्की विस्कटली.

दुसऱ्या दिवशी बाबांना शाळेत बोलावलं. बाबा दुसऱ्याच्या मळणीयंत्रावर कामाला. अंगावरचा भुसा झटकायलाही वेळ मिळाला नव्हता. त्यांना खुर्ची कुणी दिली नाही. सर म्हणाले, पोरगी उद्धट झाली. उद्या वर्गासमोर म्हणेल, माझं चुकलं, तो बिंदू रेषेवर नव्हता, तर सोडून देऊ. नाहीतर गणिताचे अंतर्गत गुण आमच्या हातात आहेत.

बाहेर आल्यावर बाबा कडुलिंबाखाली थांबले.

“म्हनून टाक ना, बाई. एका ठिपक्यानं आपलं काय जाते?”

“बाबा, त्या ठिपक्यावर मीच उभी होती.”

बाबांनी डोक्याचा रुमाल सोडून परत बांधला. मग म्हणाले, “मंग नको म्हनू.” आणि परत कामावर गेले. आधी ‘म्हनून टाक’ म्हणाले म्हणून त्यांचा मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, भुसा अंगावर घेऊन ‘नको म्हनू’ म्हणायलाही छाती लागते.

वर्गात सरांनी फळ्यावर रेषा काढली. खडू माझ्या हातात दिला. सांग सगळ्यांना, म्हणाले. मी फळ्याकडे वळले. रेषेवर तीन-दोनचा ठिपका दिला, जाड, दिसेल असा, आणि जागेवर जाऊन बसले. सरांनी तो पुसला. पुसताना मधली रेषाही गेली. वर्गात कुणीतरी फिसकन हसलं.

अंतर्गत गुण त्यांनी दिले तेवढेच, पास होण्यापुरते. तेवढ्यानं माझा पॉलिटेक्निकचा नंबर हुकला. वाशीमला आयटीआयला गेले, सर्व्हेअरचा ट्रेड घेतला. आज मी मोजणी खात्यात भूकरमापक आहे. शेताच्या हद्दी मोजते.

परवा सरांचा फोन आला. आवाजात साखर.

“बेटा, शाळेतर्फे तुझा सत्कार ठेवलाय. दादासाहेबांची फार इच्छा आहे.”

शाळेच्या कुंपणानं शेजारच्या शेतात पाय पसरलेत. त्या शेतकऱ्यानं मोजणीचा अर्ज केलाय आणि ती मोजणी माझ्याकडे आली आहे. सत्कार त्यासाठीच आहे, हे मला कळणार नाही, असं सरांना वाटलं. एवढीच यांची हुशारी.

मी विचारलं, “सर, तीन-दोन रेषेवर येतो का?”

सर आधी खाकरले. मग हसले. “अजून तेच डोक्यात आहे का तुझ्या? बरं बाई, येतो. झालं?”

“फोनवर नाही, सर. माइकवर.”

त्यांनी फोन ठेवला.

सत्काराला मी जाणार नाही. त्यांचा हार त्यांच्याच गळ्यात शोभतो. मोजणीला जाणार आहे. सूड म्हणून हद्द वीतभर इकडे करणार नाही, आणि कुणाच्या इच्छेसाठी वीतभर तिकडेही नाही. तो धंदा त्यांचा. रेषा जिथं येते तिथंच फक्की पडेल, आणि ती मी माझ्या हातानं मारीन. पंचनाम्याला दादासाहेब येतील, खुर्ची टाकून बसतील.

खुर्ची रेषेवर आली तर त्यांना उठावं लागेल.