भीतीच्या कुंड्या

हाताला लागेल ते पान तोडायचं, अंगठ्यात आणि बोटात चुरगाळायचं आणि समोरच्याच्या नाकाखाली धरून विचारायचं, "सांग बरं, काय आहे?" मग समोर दूधवाला असो, इस्त्रीवाला असो, नाहीतर ऑफिसच्या घाईत कपडे वाळत घालणारी मी असो. उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेल. त्याला चुकवून जिना उतरायची कला आपण सगळेच शिकतो, आणि तरी सापडतोच.

आमच्या वाट्याला शेजारच्या काकू होत्या. रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यात आमची आणि त्यांची गच्ची एकमेकींना चिकटून होती, मध्ये कमरेएवढा कठडा. काकूंचं सासर नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपूरचं. काका रेल्वेतून रिटायर होऊन पुढे वारले, मुलाने शंकर नगरात फ्लॅट घेतला, पण काकू काही हलल्या नाहीत. "माह्या कुंड्यांले पाणी कोण घालंल?" एवढंच त्यांचं म्हणणं.

कुंड्या म्हणजे नावाला कुंड्या. तेलाचे डबे, रंगाच्या बादल्या, फुटका माठ. एका जुन्या कूलरच्या टाकीत चिखल करून वेखंड लावलेलं. तुळस, गवती चहा, पानओवा, मरवा, पुदिना, अडुळसा, कोरफड. पाहुणे म्हणायचे, काकूंना काय हौस आहे बागेची. हौस कसली डोंबलाची! काकू जात्याच भित्र्या. सिलेंडरला भ्यायच्या, विजेला भ्यायच्या, दुपारी फोन वाजला तर उचलायच्या आधी देवाचं नाव घ्यायच्या. मी स्वतः काही कमी भित्री नाही, त्यामुळे मला ते पहिल्या वर्षीच कळलं. त्यांची एकेक कुंडी म्हणजे एकेक भीती होती. लहानपणी धाकट्या बहिणीला खोकताना पाहिलं होतं, म्हणून अडुळसा. काकांचा हात एकदा वाफेने भाजला, म्हणून कोरफड. कोणाचं काय होईल याचा नेम नाही, म्हणून तुळशीची रोपं चार जास्तच.

"असू द्यावं घरात," त्या म्हणायच्या. "लागलं नाही तं चांगलंच."

वेखंडाचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही कढीपत्ता निवडता निवडता. त्यांचं पहिलं बाळ, मुलगी, पोटदुखीने रडून रडून गेली होती. घरात तेव्हा काहीच नव्हतं आणि डॉक्टर येईपर्यंत उशीर झाला. "माही सासू म्हणे, वेखंड असतं तं वाचली असती," एवढं बोलून काकू काड्या वेगळ्या करत राहिल्या. खरंच वाचली असती का, कोणास ठाऊक. पण तेव्हापासून पाऱ्यात कोणाकडेही बाळ झालं, की काकू बाळगुटीची सहाण घेऊन हजर. मुरडशेंग, हळकुंड, जायफळ उगाळायच्या आणि सगळ्यात शेवटी वेखंड. बाकी बायका वेखंड सालीसकट ठेवतात. काकूंची रीत वेगळी, साल खरवडून पांढरं करून वाळवायच्या. सालीत माती राहते आणि मातीत काय काय असतं, असं त्यांचं म्हणणं.

भीतीशिवाय लावलेलं झाड त्या गच्चीवर एकच होतं. कळलावी. काकांनी कधीतरी जंगलातून कंद आणला होता. पावसाळ्यात तिला लालपिवळी, ज्वाळेसारखी फुलं येत आणि काकू तेवढ्यापुरत्या भीती विसरून बघत बसत. मात्र पोरं जवळ गेली की, "हात नका लावू वं, जहर आहे थे." खोटं नव्हतं. कळलावीचा कंद पोटात गेला तर माणूस दगावतो. हिवाळ्यात वेल सुकली, की त्या कंद काढून, सुकवून डब्यात घालून वरच्या फळीवर ठेवायच्या. वेखंडाचा डबा खालच्या फळीवर. दोन्ही डबे एकाच दूध पावडरचे.

त्या वर्षी माझी लेक बाळंतपणाला माहेरी आली. नात झाली, गोरीपान, भरपूर जावळ, आणि रडण्यात पटाईत. संध्याकाळ झाली की पाय पोटाशी घेऊन जी सुरू व्हायची! डॉक्टर म्हणाले, गॅस आहे, आपोआप जाईल, आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही. लेकीने ते वाक्य पाठ केलं. मी रात्रंदिवस धास्तावलेली. रडली की वाटे काही झालं, आणि झोपली की नाकाशी बोट धरून श्वास बघायची.

काकू कठड्यापलीकडून ऐकत होत्याच. एका दुपारी आम्ही बाळाला गच्चीवर हिवाळ्याच्या उन्हात घेऊन बसलो होतो, तर त्या सहाण, डबी आणि पाण्याची वाटी घेऊन जिन्याने वर आल्या.

"आई, डॉक्टरनी मना केलं आहे ना?" लेक माझ्याकडे बघून म्हणाली.

"एकच बोट वं," काकू तिला म्हणाल्या. "तुले बी म्याच देल्ली होती. झालं का काही?"

लेक फोनमध्ये डोकं घालून बसली. काकूंनी बाळाला मांडीवर आडवं घेतलं आणि उगाळायला सुरुवात केली. मोतीबिंदूमुळे त्या सहाणेवर अगदी वाकून बसायच्या. ऑपरेशनला भ्यायच्या, हे सांगायला नकोच. मुरडशेंग झाली, हळकुंड झालं, जायफळाचा वास आला. मग त्यांनी पांढरा तुकडा घेतला.

वेखंड उगाळलं की त्याचा उग्र वास कुठेही बसलात तरी नाकात शिरतो. ज्यांनी तो घेतला आहे त्यांना सांगायला नको. मी त्या वासाची वाट बघत होते. तो आलाच नाही.

काकू उगाळता उगाळता थांबल्या आणि हळूच, लेकीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला म्हणाल्या, "येऊन राहिला ना वास?"

"कशाचा?"

"वेखंडाचा."

"नाही काकू."

त्यांचं बोट तोवर सहाणेवरून उचललं गेलं होतं आणि बाळाच्या ओठाशी होतं. मी त्यांचं मनगट धरलं. काय धरलं, जवळजवळ पिरगाळलंच. बाळाचे ओठ ओले होते, ते चटचट चाखत होतं. दूध होतं की दुसरं काही, ते कळेना. मी सहाणेवरचा तुकडा उचलून नाकाला लावला. वेखंड नव्हतं ते.

काकूंनी माझ्या हातातला तुकडा अगदी डोळ्याजवळ नेला, बोटांनी चाचपला, आणि त्यांचा चेहरा पार उतरला. दिवाळीच्या आधी मुलाने स्वयंपाकघर रंगवून घेतलं होतं. मजुरांनी डबे खाली काढले आणि नंतर हाताला येतील तसे परत लावले. त्यानंतर काढलेले कळलावीचे कंद कोणत्या डब्यात गेले, हे काकूंनी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. साल राहिली असेल समजून त्यांनी त्यातलाच एक खरवडून पांढरा केला होता. त्यांना डोळ्यांची गरज कधी पडलीच नव्हती. डबा उघडला की नाक सांगायचं.

"पोटात गेलं का?" लेक उभी राहिली होती. काकूंना ती लहानपणापासून नानी म्हणे आणि त्यांच्याशी हिंदीतच बोले. "नानी, मुँह में गया क्या?"

"मले नाही माहीत," काकू म्हणाल्या. "पहिलं बोट लावलं का नाही, मले आठवूनच नाही राहिलं."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. जिना, ऑटो, तलावाकाठची ती नेहमीची गर्दी, आणि लेकीच्या कुशीत ते गाठोडं. काकू कधी ऑटोत चढल्या ते कळलं नाही, पण त्यांनी तो तुकडा पदरात गाठ मारून आणला होता. दवाखान्यात डॉक्टरांपुढे त्यांनीच गाठ सोडली. "हे आहे साहेब. कळलावी. म्या देल्लं." आवाजात कुठे आडपडदा नाही. डॉक्टरांनी तुकडा पाहिला, बाळाला आत घेतलं आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितलं.

त्या बाकावर बसलेल्या काकू मला आजही दिसतात. हात मांडीवर उताणे ठेवलेले, जणू ते त्यांचे नव्हेतच. आतून आवाज आला नाही की विचारत, "रडली का?" सगळं आयुष्य पोरांचं रडू थांबवण्यात घालवलेली ही बाई, दाराकडे कान लावून एका रडण्याची वाट बघत होती. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांचा हातही धरावासा वाटत होता. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

"वास येत नाही मले," त्या मध्येच म्हणाल्या. "पावसाळ्यात ताप आल्ता ना, तेव्हापासून. काहीच नाही. ना तुळशीचा, ना दूध करपल्याचा."

"काहून सांगितलं नाही काकू?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

"सांगितलं असतं तं माह्याकडचं पान कोणी नेलं असतं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पूर्वी काकू पान चुरगाळून आधी स्वतः हुंगायच्या आणि आपणच नाव सांगायच्या. सांग बरं काय आहे, हे सुरू झालं ते पावसाळ्यानंतर. आम्ही समजत होतो काकू आमची परीक्षा घेतात. त्या आम्हाला विचारत होत्या. दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला, मला. आमच्या नाकांवर त्यांनी सगळी गच्ची चालवली होती. बाळाच्या वेळी मात्र त्यांनी उगाळल्यावर विचारलं, आधी नाही. लेकीसमोर डबी माझ्या नाकाखाली धरली असती तर बिंग फुटलं असतं.

दिवेलागणीला नात रडली. चांगली कडकडून, भुकेने. काकूंनी डोळे मिटले आणि पदर तोंडात धरला. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं, काहीही झालं नाही. पोटात गेलं नव्हतं. "बच गई," ते म्हणाले, आणि मग आम्हा दोघींना जे झापलं ते झापलं. लेक काकूंशी एक शब्द बोलली नाही. सव्वा महिना होताच सासरी निघून गेली.

मी पाऱ्यात कोणाला काही सांगितलं नाही. पण काकूंना कोणी काही बोलायची गरजच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गच्चीचं दार उघडलं नाही. कोणी अडुळसा मागायला आलं, की आतूनच म्हणायच्या, "काही नाही बाई आपल्याकडे." मी कठड्यावरून पाइप टाकून पाणी घालायला लागले, तर खालून आवाज आला, "नको घालू वं. मरू दे." रायपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, त्याला कोणाची मदत लागत नाही. एप्रिलात पानओवा झडला, मेमध्ये वेखंडाचा चिखल भेगाळला. मी तुळशीचं एक रोप गुपचूप माझ्याकडे आणलं, तेवढंच.

भीती मात्र मेली नाही. तिला आता कुंड्या उरल्या नव्हत्या, म्हणून ती घरात आली. डाळ शिजवली की काकू वाटी घेऊन माझ्या दारात उभ्या, "पाह्य बरं, आंबली तं नाही?" गॅस दिवसातून दहादा बंद. पुढेपुढे स्वयंपाकच सोडला. मुलगा येऊन शंकर नगरात घेऊन गेला, तेव्हा त्यांनी कुंड्यांचं नाव काढलं नाही. मला वाटतं, त्या दिवसाची त्यांना जेवढी धास्ती होती तेवढी जन्मात कशाची नसेल, आणि तरी निघताना त्यांनी माझ्या नातीचं विचारलं, "पोट्टी कशी आहे?"

मी त्यांना शेवटची भेटले ती त्या फ्लॅटवर. लेक आली होती. मी म्हटलं, चल. वाटलं होतं नाही म्हणेल, पण तिने मुलीचे बूट चढवले. काकू खूप वाळल्या होत्या. सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या, दोन्ही हात पदराखाली. मुलीला बघून हसल्या, नाव विचारलं, पण हात बाहेर काढले नाहीत. सुनेने बिस्किटं आणली, तर म्हणाल्या, "तूच दे तिले."

मुलगी नुकती धरून धरून चालायला लागली होती. सोफा धरत धरत ती काकूंपाशी पोचली, तिने पदर ओढला, आत काय लपवलंय ते शोधलं, आणि काकूंचं बोट धरून सरळ तोंडात घातलं. दात येत होते तिचे, जे मिळेल ते चावायची.

काकू जागच्या जागी गोठल्या. "काढ वं," त्या म्हणाल्या. "घे तिले. घे लवकर."

मी उठलेच होते. माझा हात पुढे गेला होता, त्या दिवशीसारखाच, मनगट धरायला. लेकीने माझा पदर मागून ओढला आणि मला खाली बसवलं.

"राहू दे आई," ती म्हणाली. मग काकूंना म्हणाली, "नानी, चबाने दो. साफ हाथ है आपका."

मुलगी बोट चावत राहिली. काकूंनी हात मागे घेतला नाही. त्या मुलीकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या, मला अजून भीती वाटते आहे का ते. आणि मला वाटत होती.