खिळ्यावरची किल्ली

रहिमतपूरहून साताऱ्याला मी रोज स्कूटीवर जाते. तिथल्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. गाडी माझ्या पगारातून घेतलेली. एसटी आहे, पण ती लॅबच्या वेळेच्या फार आधी निघते. शिवाय मला गाडीवर कुणाशी बोलावं लागत नाही. शाळा इंग्रजी, घरचं बोलणं गावाकडचं. चारचौघांत माझं वाक्य नेहमी अर्ध्यावर अडकतं. दिवसातला तो पाऊण तास माझा एकटीचा.

पेट्रोल पुन्हा महागलं त्या आठवड्यात घरात बैठक बसली. म्हणजे थोरले काका, आमचे आप्पा, खुर्चीत बसले आणि बाकीचे उभे राहिले. आप्पा फौजेतून सुभेदार होऊन आलेत.

"पेट्रोल काय आपल्या हिरीतनं निघतंय व्हय? सोमवारपास्नं एसटीनं जायाचं. जमत नसंल तर नोकरी ऱ्हाऊ दे. तुज्यापेक्षा ती गाडीच लय खाती."

 गप्प माणसाला बरंच दिसतं. रात्री पेट्रोलचा काटा कुठे होता आणि सकाळी कुठे आहे, हे मी कितीतरी दिवस बघत होते.

आमच्याकडे गाडीची किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर असते, आणि खिळ्यावरची वस्तू सगळ्यांची. मी संध्याकाळी घरी आले की चुलतभाऊ मोटर चालू करायला उसात जातो. काकी डेअरीला दूध घालून येते. आप्पा चहाला चौकात जातात. चालत गेलं तर पाच मिनिटं. कुणी विचारत नाही. घरच्याच माणसाला विचारायचं, हे आमच्यात परकेपणाचं समजतात. पूर्वी कुणीतरी थोडं पेट्रोल टाकायचं. भाव चढले तसं प्रत्येकाला वाटायला लागलं, दुसरा टाकेल. सकाळी मी जीव मुठीत धरून कसाबसा पंप गाठायची. आणि घरात बोललं जायचं, पोरीची गाडी लय खाती.

त्या शनिवारी घरी आल्यावर मी किल्ली खिळ्याला लावली नाही. कुर्त्याच्या खिशात ठेवली आणि बाबांशेजारी जेवायला बसले.

आप्पांचा हात सवयीनं खिळ्यावर गेला.

"किल्ली कुठं हाय?"

"माझ्याकडं."

"दे की मग."

"नाही, आप्पा."

काकीचं भाकरी थापणं थांबलं.

"पेट्रोल महाग झालंय," मी म्हणाले. वाक्य पूर्ण झालं याचं मलाच नवल वाटलं.

"आता मीटर बसीव गाडीला, रिक्षावानी," चुलतभाऊ हसला.

"बसवते. पहिलं भाडं तुझं."

काकी तोंडाला पदर लावून हसली. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"चौकात जायचंय ना? मी सोडते. मागं बसा."

आप्पांनी बाबांकडे पाहिलं. बाबा आमटीत भाकरी कुस्करत राहिले. नको म्हणून चालत जाणं आप्पांना सोपं होतं, पण मग हार झाली असती. त्यांनी टोपी घातली.

"चल. बघू कशी चालवतीस."

आप्पा मागच्या कडीला धरून ताठ बसले. चौकात त्यांची सगळी मंडळी बाकावर होती.

"आवं सुभेदार, आज ड्रायव्हर ठेवला काय?"

"गप ए," म्हणत आप्पा उतरले. टोपी नीट केली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "सोमवारी किती वाजता निघणार?"

"साडेआठला."

"एसटी साडेसातला असती."

"माहीत आहे मला."

बाकावरचं हसणं थांबलं. आप्पा काहीतरी बोलणार होते. मी थांबले नाही, गाडी वळवली. ते घरी चालत आले. बैठक पुन्हा बसली नाही, आणि मी सोमवारी साडेआठलाच निघाले.