लामूहून आणलेला निरोप

पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत आमचे मालक घर सोडून गेले, ते गेलेच. बारा वर्षं कागद नाही, निरोप नाही. मग आमच्या गावात, चुडाव्यात, भावकी बसली. एवढी वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात आमच्याकडं, आणि बायकोचं कुंकू पुसतात. मी ठणकावून सांगितलं, "डोळ्यानं बघितल्याबिगर मी कुंकू पुसणार न्हाई. काय करायचं ते करा!"

माझा धाकटा भाऊ आफ्रिकेत मोंबासाला रेल्वेत होता. आपल्यासारखं मराठी बोलणारा एक खलाशी तिथल्या किनाऱ्यावर राहतो, असं त्याच्या कानावर आलं होतं. त्यानं मला बोलावून घेतलं.

भाऊ लय हौशी. शोधायला निघालो तरी प्रत्येक गावात आधी जुनं काय ते दाखवायचा. मोंबासात पोर्तुगीजांचा किल्ला, मालिंदीत समुद्राकाठचा दगडी खांब, जंगलात एक अख्खं ओसाड गाव. "आक्का, भिंती तर बघ की!" मी कसल्या भिंती बघते! दिसेल त्या पुरुषाचं तोंड बघत चालायची. ती पांढरी वाळू, ते निळं पाणी, मेलं सगळं वैऱ्यासारखं वाटायचं.

शेवटी लामू बेटावर पोचलो. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून गाढव आलं तर भिंतीला चिकटून उभं राहायचं. तिथं एका नक्षीच्या दारापुढं ते शीड शिवत बसले होते. केस पिकलेले, शेजारी दोन लेकरं. आतून एका बाईनं त्यांना हाक मारली. मी भांडायचं ठरवून आले होते, पण त्या लेकरांकडंच बघत राहिले.

त्यांनीच विचारलं, "आई हाय का?"

"हायत. रोज तुमची वाट बघायल्यात."

ढसाढसा रडले. येतो मात्र म्हणाले नाहीत. मीही या म्हणाले नाही.

परतीच्या बोटीत मी ठरवलं, घरी गेल्यावर 'ते मेले' म्हणून सांगायचं आणि कुंकू आपल्याच हातानं पुसायचं. माझ्यापुरते ते मेलेच होते. पण चुडाव्याच्या स्टेशनावर सासूबाई उभ्या. माझ्या कपाळाकडं एकदा बघितलं आणि मटकन खालीच बसल्या.

"जेवायलाय का गं तो पोटभर?"

"जेवायल्यात," मी म्हणाले.

पुढं नऊ वर्षं, सासूबाई होत्या तोवर, मी रोज सकाळी कुंकू लावत राहिले. रोज हात जळायचा.