हळदीत घातलेली पेन्शन

आमच्या घरात कुणी कुणाला समजावून सांगत नसे. मारत असत. वडिलांचा हात आधी उठायचा आणि तोंड नंतर उघडायचं. मळणीयंत्राचा एक तुटका पट्टा ओसरीत खुंटीला टांगलेला असायचा, आणि तो यंत्राला पुन्हा कधी बसवला नाही.

माझा भाऊ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. तो नववीत नापास झाला तेव्हा वडिलांनी त्याला शाळेच्या फाटकापासून घरापर्यंत, वालूरच्या भर बाजारातून, त्या पट्ट्यानं मारत आणलं. दुसऱ्या दिवशी तो औतामागं. त्याच आठवड्यात वडिलांनी परभणीला येऊन माझी कॉलेजची आणि वसतिगृहाची फी भरली. माझ्या हातात पावती देऊन म्हणाले, "एक तर वाया गेलं. तू जाऊ नको."

मी वाया गेले नाही. आमच्या घराण्यात पदवी घेणारी पहिली मी, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. बी.एस्सी. केलं, मग नर्सिंग. मधे लग्न झालं. नवऱ्यानं दोन दात पाडले, तिसऱ्याची वाट न बघता मी घर सोडलं. चाळिशी ओलांडल्यावर इंग्लंडला गेले आणि तिथल्या सरकारी इस्पितळात अपघात विभागात बावीस वर्षं उभी राहिले. फुटलेली डोकी, बाटल्यांनी चिरलेले गाल, दाराआड सापडून जखमी झाले असं सांगणाऱ्या बायका. एका दारुड्यानं एकदा माझ्या बरगड्यांत लाथ घातली. त्याला चौघांनी धरलं आणि मला एक फॉर्म दिला. कुणी मारलं, कशानं, कुठं, किती वाजता. तिथं प्रत्येक फटक्याला फॉर्म होता. मला ते फार आवडलं. मी तिथं एकाही कागदावर वाचल्याशिवाय सही केली नाही.

आणि इथले कागद? इथं मी एकही वाचला नाही. दर सुट्टीत आले की भाऊ कागदांची चळत पुढं करायचा. बँकेचे, मुखत्यारपत्राचे, इन्कम टॅक्सचे. "आक्का, इथं कर. आन् इथं." मी करत जायची. भावानं पुढं केलेला कागद बहिणीनं वाचायला घेतला, तर आमच्याकडं ते भावाच्या तोंडात मारण्यासारखं असतं. माझ्यासारखीच शिकलेल्या बायका मी बघितल्यात, कचेरीत साहेबाची चूक काढतील आणि माहेरच्या कागदावर डोळे मिटून सही करतील.

शिवाय भावानं माझ्यासाठी एक मोठी गोष्ट केली होती. वडील गेले तेव्हा गावाच्या रिवाजाप्रमाणं त्यानं माझ्याकडून हक्कसोड घ्यायला पाहिजे होतं, म्हणजे मला वडिलांच्या जमिनीतला वाटा नको, असं लिहून. सगळ्या बहिणी देतात. साडी घेतात आणि सही देतात. माझ्या भावानं मागितलंच नाही. सहा एकरांच्या सातबाऱ्यावर त्याच्या नावाखाली माझं नाव चढलं. गाव हरखलं. पारावरची माणसं मला थांबवून सांगायची, "भाऊ असावा तर आसा. बहिणीचं नाव ठिवलं." मी इंग्लंडात बर्फ तुडवत कामावर जाताना ते नाव मनात घेऊन चालायची. नवऱ्याच्या घरातून रक्ताळलेल्या तोंडानं निघालेल्या बाईला कुठंतरी जमिनीवर नाव आहे, ही गोष्ट लहान नाही.

सहासष्टाव्या वर्षी नोकरी संपवून मी वालूरला आले. दोन पेन्शनी घेऊन आले. एक इस्पितळाची, एक तिथल्या सरकारची म्हातारपणाची. शिवाय तिकडचं एक बचतखातं आणि इथं भावानं माझ्या पैशातून केलेल्या मुदत ठेवी. तिकडं असतानाच मी दोन देशांमधला कराचा करार रात्रपाळ्यांच्या सुट्टीत बसून वाचून काढला होता. इस्पितळाच्या पेन्शनीवर कर तिकडं कापतात. कारण ती तिथल्या सरकारी नोकरीची आणि मी तिथलं नागरिकत्व घेतलेलं. म्हातारपणाच्या पेन्शनीवर कर इथं, कारण मी राहते इथं. आणि ज्या बचतखात्यावर इंग्लंड एक पैसा कर घेत नाही, त्याचं व्याज इथं मात्र करात धरतात. परतल्यावर पहिली दोन वर्षं सवलतीची असतात, मग जगात कुठंही मिळालेलं उत्पन्न इथं दाखवावं लागतं. अवघड आहे, पण मारामारीपेक्षा सोपं आहे. वाचलं की कळतं.

तिकडचे लोक मात्र दोन्ही पेन्शनींवर कर कापत होते. तो थांबवायचा तर इथल्या खात्याचा दाखला हवा होता, की ही बाई इथं राहते आणि इथं कर भरते. त्यासाठी माझी जुनी विवरणपत्रं पाहिजेत. ती भरत होता परभणीतला एक टॅक्सवाला. भावाच्या ओळखीचा, मोंढ्याच्या धान्यबाजाराजवळ गाळा असलेला. परतल्याला चार वर्षं झाली तेव्हा, मार्चमधे एका सकाळी मी भावाला न सांगता त्याच्याकडं गेले. मी प्रती मागितल्या, त्यानं दिल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी भावानं माझ्या नावानं केलेले कागद वाचले.

शेतीचं उत्पन्न. हळद. दर वर्षी हळद. ठेवींचं व्याज हळदीत घातलेलं. सवलतीची वर्षं संपल्यावर आलेली पेन्शनही हळदीत. करपात्र उत्पन्न जवळपास काहीच नाही.

"मी कधी हळद लावली?" मी विचारलं.

तो चहा फुंकत हसला. "ताई, तुमी न्हाई लावली, कागदानं लावली. शेतीला टॅक्स न्हाई ना."

"ही चोरी आहे."

"चोरी कशाची? तुमच्या भावाचं डोकं बघा की. माझ्याच तर सांगण्यावरून त्यानं तुमचं नाव सातबाऱ्याला ठिवलं. नाव असल्याबिगर शेतीचं उत्पन्न कसं दाखवणार? न्हाई तर बाप गेल्याच्या तेराव्यालाच हक्कसोड घेतला असता त्यानं. रडत होता इथं बसून, आक्काचं नाव ठिवावं लागायलंय म्हणून."

त्याला वाटलं तो माझी समजूत काढतोय. मला बरगड्यांतली ती जुनी लाथ पुन्हा बसली. तेव्हा निदान चौघांनी त्याला धरलं होतं.

मी बसनं सेलूला, तिथून ऑटोनं थेट रानात गेले. हळद शिजवायचं काम चालू होतं. कुकरच्या भट्टीत लाकडं भडकलेली, वाफेनं माणसं दिसत नव्हती, शिजलेली हळद ताडपत्रीवर ओतत होते. भाऊ हातात लोखंडी सळई घेऊन भट्टीतली लाकडं सारत होता. भावजय तांब्या घेऊन पाणी द्यायला आलेली. मी कागदांची पिशवी पुढं धरली.

"माझं नाव कशासाठी ठेवलंस?"

त्यानं पिशवीकडं बघितलं आणि ओळखलं. "आदी घरी चल, आक्का."

"इथंच सांग. मी आता सगळं खरं भरणार आहे. मागच्या वर्षांचंसुद्धा. दुरुस्तीची विवरणपत्रं भरता येतात. दंड मी भरीन. मी लिहिणार आहे की ही हळद माझी नाही."

"आन् म्या? मुखत्यार म्या हाव. दस्तखत माझी हाय. मला खडी फोडाया लावतीस?"

"कुणी खडी फोडायला लावत नाही. दंड असतो, व्याज असतं..."

"दंड!" तो ओरडला. मजूर थांबले. "दंड म्या भरला! चौदा वर्साचा असताना! तुझी फी माझ्या पाठीवर भरली बापानं, तवा न्हाई वाचलीस तू पावती!"

  मी तेव्हा सुट्टीत घरी होते. ते बाजारातून येणं मी माडीवरून बघितलं होतं आणि खाली उतरले नव्हते.  त्यानं पिशवी हिसकली आणि भट्टीच्या तोंडाशी नेली, आणि मी ती सोडली नाही. प्लास्टिक वितळून बोटांना चिकटलं. त्यानं सळई फिरवली. आवाज ओली फांदी मोडल्यासारखा आला. डावं मनगट. हात लटकला. पिशवी भट्टीत गेली.

मी काही संत नाही. उजव्या हातानं भावजयीच्या हातातला पितळी तांब्या ओढला आणि त्याच्या कपाळावर जेवढा जोर होता तेवढा घातला. भुवई उकलली. रक्त डोळ्यांत गेल्यावर तो आंधळ्यासारखा सळई फिरवायला लागला, तेव्हा मजुरांनी त्याला मागून कवळा घातला. तो खाली पडल्यावर मी गुडघ्यावर बसले आणि त्याच्या भुवईवर पदर दाबून धरला. सवय. तो खालून मला लाथा मारत होता आणि मी म्हणत होते, "हालू नको, टाके पडतील."

परभणीच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरनं विचारलं, "आजी, कशानं लागलं?"

भावजय माझ्या आधी बोलली. "हळदीवर पाय घसरला त्यांचा." मग माझ्या कानाशी, "वन्स, घरातलं घरात ठिवा. पाया पडते."

दाराआड सापडलेल्या त्या सगळ्या बायका मला आठवल्या. मी त्यांना मनात मूर्ख म्हणत आले होते. आता कळलं की मूर्ख नव्हत्या. त्यांना फक्त घरी जायचं होतं. मलाही जायचं होतं. वालूरखेरीज मला घर नाही.

"भावानं लोखंडी सळईनं मारलं," मी म्हटलं. "लिहा. आणि मी त्याला तांब्यानं मारलं, तेही लिहा."

भावाला ठाण्यात नेऊन बसवलं, तिसऱ्या दिवशी सोडलं. मनगटात दोन स्क्रू बसले. मी परभणीतच खोली घेतली, कराचा वकील गाठला, टॅक्सवाल्याकडून प्रती पुन्हा काढल्या आणि वर्षामागून वर्ष खरं भरलं. म्हातारपणाची पेन्शन इथं, इस्पितळाची तिकडं, बचतखात्याचं व्याज इथं. हळद शून्य. ठेवी मोडल्या आणि कर, व्याज, दंड भरला. वकील म्हणाला, "मॅडम, एवढं कुणी स्वतःहून भरत नाही." मी म्हटलं, "मी भरते."

महिन्याभरानं भाऊ खोलीवर आला. भुवईवर टाक्यांची रेघ, वाईट टाके, मी याहून बरे घातले असते. बसला नाही. खिशातून कागद काढून टेबलावर आपटला. हक्कसोड.

"हळद तुझी न्हाई म्हणून सरकारला लिहून दिलंस ना? मग शेती बी तुझी न्हाई. कर दस्तखत. साडी आणलीय."

खरंच आणली होती. पिशवीत होती, हिरवी.

मी चष्मा लावला. कागद वाचायला घेतला. पहिल्या ओळीपासून, सावकाश. तो बघत होता आणि त्याचा चेहरा पट्टा बसल्यासारखा होत गेला, कारण सही नाकारण्याच्या आधी मी कागद वाचत होते आणि तोच अपमान त्याला जास्त लागला.

"भावड्या, हळद तुझी. ती मी कधीच घेणार नाही. रान बापाचं. तीन एकर माझं."

"त्या रानासाठी माझी पाठ फुटली."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. मला सांगितलं असतंस की तुला नाव ठेवायचं नव्हतं, तर मी त्याच दिवशी सोडून दिलं असतं. आता नाही सोडत."

त्यानं खुर्ची भिंतीवर फेकली. माझ्यावर नाही. साडी तिथंच टाकून गेला.

मी वाटणीचा आणि मोजणीचा अर्ज केला. पुढच्या पावसाळ्यात त्यानं माझ्या वाट्याला येणाऱ्या तीन एकरांतही हळदच लावली, मुद्दाम. मी अडवलं नाही. दिवाळीच्या सुमाराला मोजणीवाले आले, साखळी ओढली, हद्दीचे दगड रोवले. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजयीचा फोन आला. "वन्स, या लवकर. यांच्या डोक्यात काय शिरलंय."

मी पोचले तेव्हा दगडाच्या माझ्या बाजूला ट्रॅक्टर फिरत होता. कमरेएवढी हिरवी हळद, अजून तीन महिने उभी राहायची होती. तो ती नांगरानं उलथत होता. कच्चे कंद फुटून वर येत होते, पांढरट, आत रंग धरला नव्हता. व्यापारी असली हळद हातात घेत नाही. बियाणं, खत, वर्षभराची मेहनत, सगळं त्याचंच होतं.

मी बांधावरून ओरडले, "पिकू दे की रे! तुझीच हाय! होळीपर्यंत ठेव, मी हात लावणार न्हाई! लिहून देते!"

त्यानं इंजिन बंद केलं. क्षणभर वाटलं, ऐकलं. "तुझ्या रानात पिकली की तुझी व्हईल," तो म्हणाला. "तुझं लिहिलेलं आता मला नको."

आणि पुन्हा ट्रॅक्टर चालू केला. शेवटच्या सरीपर्यंत थांबला नाही. भावजय खाली बसून कच्चे कंद पदरात गोळा करत होती आणि टाकत होती, गोळा करत होती आणि टाकत होती.

आठ दिवसांनी मी सेलूहून दुसऱ्याचा ट्रॅक्टर बोलावला आणि त्या रानात हरभरा पेरला. भाऊ त्याच्या बाजूच्या हळदीला पाणी देत होता. दगडापलीकडून त्यानं एकदाही वर बघितलं नाही.