मोहावर उतरा

जरा जवळ सरकून बस बाई, आज तुले थोडं रागवायचं आहे. दर सुट्टीत तुझं एकच, "तुमच्या जंगलात यायचं तरी कसं?" जसं काही आम्हाला इथी हेलिकॉप्टरनं आणून सोडलं. वाघ पाहायला लोक कुठून कुठून चंद्रपूरला येतात, जिप्सीत बसून ताडोबात फिरतात, अन तुले रस्ता सापडत नाई. माझी विहीण साठी ओलांडल्यावर एकटी आली. तिचंच सांगते.

विहीण म्हणजे माझ्या लेकीची सासू, सातारची. यजमान गेल्यापासून कुठंही जायचं तर मुलाच्या कारमधून, मागच्या सीटवर, पाण्याची बाटली आणि शाल यांच्याशेजारी. एका मार्चात तिनं घरात जाहीर केलं की मला आलापल्लीचे सागवान पाहायचे आहेत आणि मी एकटी जाणार. जावयांचा मला फोन आला, आवाज अगदी गोड. "मामी, तुम्ही म्हणता म्हणून पाठवतो. पण वाटेत काही गडबड झाली, तर मी गाडी घेऊन येईन. मग आईचं एकटीनं फिरणं कायमचं बंद."

मी म्हटलं, जबाबदारी माझी.

मग विहिणीला फोनवर सगळं नीट समजावलं. नागपूरपर्यंत रेल्वे, तिथून चंद्रपूरची बस. स्टँडासमोरच्या लॉजवर मुक्काम, सकाळी अहेरीकडं जाणारी एसटी. "अन आष्टीचा पूल गेला की कंडक्टरले सांगा, मोहावर उतरायचं हाये."

"झाडावर उतरू? मी काय पाखरू आहे का, विहीणबाई?"

"थांब्याचं नाव हो ते. सारेच तसं म्हणतात."

सारेच म्हणतात हे खरं. पण ते मोहाचं झाड रस्ता रुंद करताना कापलं, त्याला दोन वर्षं झाली होती. हे सांगायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. आमच्या तोंडी ते अजून उभंच आहे ना.

ठरल्या दिवशी सकाळी मी रस्त्यावर जाऊन थांबले. लोखंडाच्या दगडाचे ट्रक एकामागून एक चाललेले, पदर नाकावरून काढायची सोय नाही. बस आली, हॉर्न वाजवला अन न थांबता निघून गेली. मी नुसती बघत राहिले. तेवढ्यात जावयांचा फोन.

"मामी, आई पोहोचली का?"

"येऊन राह्यली," मी म्हटलं. कुठून येऊन राह्यली, ते त्यांनी विचारलं नाही. तिचा फोन लावते तर लागत नाही. माणूस तर हरवलंच, वर तिचं फिरणंही माझ्याच हातून बंद होणार.

तिकडं घडलं होतं असं. पूल गेल्यावर तिनं कंडक्टरला सांगितलं. तो या रस्त्यावर नवा.

"कोणता मोह, मावशी? इथं मोहच मोह आहेत."

फुलं पडायचे दिवस, म्हणजे झाडोझाडी टोपल्या घेऊन बाया. तिला रस्त्यालगत एक भलं मोठं झाड दिसलं, खाली पाच-सहा जणी वेचत होत्या. एवढ्या बाया म्हणजे हाच थांबा, असं समजून तिनं बस थांबवली. बस गेल्यावर पाहते तर गाव नाही आणि मीही नाही.

"कुठी जाता, बाई?" एकीनं विचारलं.

"मोहावर."

"मंग आल्याच की तुमी."

हसून झाल्यावर त्यांनी माझ्या घराचा पत्ता विचारून घेतला. "तो मोहा तर कापला, बाई. पुढं हाये, दोन-तीन कोस."

"म्हणजे मला कापलेल्या झाडावर उतरायचं होतं?"

"आमी तर रोजच उतरतो."

मग ती बसली त्यांच्यासोबत फुलं वेचत. वडाप करणारी काळीपिवळी जीप आली तशी बायांनी रस्ताच अडवला. ड्रायव्हर म्हणाला, जागा नाई. एक म्हणाली, "समोर बसव. कोणाची तरी विहीण हाये ते." समोरचा धोतरवाला माणूस मुकाट मागं गेला.

अशी ती माझ्यासमोर उतरली, केसांत धूळ, ओटीत मोहफुलं. मी तिचा हात धरते न धरते तोच पुन्हा फोन. मी काही रचून सांगणार, तर तिनं तो काढूनच घेतला.

"अरे, चुकीच्या ठिकाणी उतरले होते," तिनं सरळ सांगून टाकलं. मी कपाळाला हात लावला.

"मी निघतो गाडी घेऊन," तिकडून आवाज.

"कशाला? चुकले आणि माझी मी पोहोचले. तू आला असतास तर काचेतून झाडं दाखवली असतीस. जेवलास का?"

मग त्यांनी विचारलं, "परतीचं तिकीट काढू का?"

"माझं मी काढीन."

चार दिवस राहिली. एसटीनं आलापल्लीला गेलो, पुढं ऑटो केला. सागवानाच्या बुंध्याला आम्हा दोघींचे हात पुरले नाहीत. नंतर तिनं मला न विचारता आणखी पुढं, सिरोंच्याला जाणाऱ्या बसला हात दाखवला, अन मी मागं मागं.

आता ती दरवर्षी येते. परवाच फोन आला, या खेपेला भजनातल्या दोघींना आणते म्हणे, रस्ता तीच दाखवणार. घरात जास्तीची खाट एकच आहे. म्हणून म्हणते, तू त्यांच्या आधी ये, या महिन्यातच ये.