बाभळीवरचे निळे डाग

कापसाच्या तेजीत मी ज्याच्या हाताखाली करवत ओढायचो, तो अमरावतीच्या वेशीबाहेर बैलगाड्यांसाठी बाभळी कापून द्यायचा. कुणी काही विचारले तर आधी करवत पुसायचा, मगच बोलायचा.

एका सकाळी अकोल्याच्या अडत्याचा कारकून आला. हंगामभराच्या गाड्यांचे लाकूड कुठून घ्यायचे, ते त्या दिवशी ठरणार होते. आदल्या दिवशी कापलेल्या गुलाबी फळ्यांवर निळे-काळे डाग उमटले होते.

“सडकं लाकूड कोणाले देऊन राहिला, मियाँ?”

त्याने करवत पुसली. वाकसाच्या धारदार पात्याने एक डाग तासला. खाली लाकूड गुलाबीच होते.

“ओल्या बाभळीले लोखंड लागलं का असंच होते, मुनशीजी. तुमच्या बोटावरची शाई बी तशीच बनते.”

कारकुनाने बोट धोतराला पुसले. तरी त्याने बिनडागाची एकच फळी निवडली. “अशा असतील तर बोला.”

मियाँने त्या फळीवर वाकसाची पाठ ठोकली आणि कान लावला.

“हे नाई देत मी. आतून पोकळ हाय. भरल्या गाडीखाली मोडन.”

कारकून तसाच परत गेला. मियाँने ती देखणी फळी चुलीसाठी कापली. आत बोटभर पोकळी होती. त्याने ती मला दाखवली नाही. मीच वाकून पाहिली.